हॉर्न पदेराने वाजवावा

दिवाळी जवळ आली की पेडण्यापासून पुढे रस्त्याकडेला दोन गोष्टी एकदम वाढू लागतात. एक, नरकासुराचे सांगाडे. दोन, एमएच पाटीच्या गाड्या. नरकासुराला आम्ही पहाटे जाळून मोकळे होतो. गाड्यांना हात लावता येत नाही, कारण अर्ध्या गोव्याचं पोट त्यांच्यावर चालतं. तेव्हा प्रबोधनाचा मार्ग धरलेला बरा.

पुण्या-मुंबईचा पाहुणा निघण्याआधी सगळं तपासून निघतो. हॉटेलात न्याहारी फुकट आहे का, खोलीतून समुद्र दिसतो की शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते, बिछान्यावर टॉवेलचा हंस करून ठेवतात का. रस्त्याबद्दल मात्र अवाक्षर विचारत नाही. रस्ता म्हणजे रस्ता, त्यात काय विचारायचं! त्यात पत्रादेवीपासून म्हापशापर्यंतचा महामार्ग त्याला फसवतो. चौपदरी, गुळगुळीत. त्याला वाटतं, अख्खा गोवा असाच. मग मोबाईलमधली बाई ‘उजवीकडे वळा’ म्हणते, तो शिवोलीच्या नाहीतर हणजुणेच्या वाटेला लागतो आणि खरा गोवा सुरू होतो. रुंदी दीड गाडी.

2011 च्या जनगणनेत आमची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. 2024 मध्ये आलेले पर्यटक, सरकारी हिशेबाने, एक कोटीच्या वर. क्षेत्रफळ तेवढंच, 3,702 चौरस किलोमीटर. त्या पर्यटकांतले बरेचसे बार्देशच्या त्या दीड गाडीच्या वाटेवर एकाच संध्याकाळी भेटतात असा आमचा अनुभव आहे.

तर ती वाट. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, गडग्यावर शेवाळ, वळणावर खुरीस म्हणजे क्रूस, पुढचं काही दिसत नाही. समोरून गाडी आली तर काय करायचं, याचा रिवाज कुठे लिहिलेला नाही, पण पक्का आहे. रुंद जागा, म्हणजे कुणाचं तरी फाटक किंवा माडाखालचा मोकळा तुकडा, ज्याच्या पाठीमागे जवळ असेल त्याने मागे जायचं. गावातला माणूस मान वळवतो, एक हात शेजारच्या सीटवर टाकतो आणि पन्नास मीटर रेषेत मागे जातो. तेवढ्यात फाटकातून मॅक्सी घातलेली, हातात केरसुणी असलेली एक काकी बाहेर येते आणि ‘येऊं दी, येऊं दी... राव!’ असे हुकूम सोडू लागते. तिच्याकडे लायसन्स नसतं, पण त्या वळणापुरता तिचा शब्द आरटीओच्या वर. दोन्ही गाड्या आरसे मिटून पार होतात. दोन्ही चालक स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलतात. झालं.

पाहुणा काय करतो? जागच्या जागी थांबतो आणि हेडलाइट मारतो. दिवसाढवळ्या. समोरचा हलला नाही तर हॉर्न. तरी हलला नाही तर काच खाली, आणि ‘अहो, आम्ही आधी आलो!’ आधी? ती वाट पोर्तुगीज जायच्या आधीपासून तिथे आहे, काकी तिच्या लग्नापासून तिथे आहे, तुम्ही सकाळी अकराला कोल्हापूर सोडलंत. आणि मागे घ्या म्हटलं की कळतं, साहेबांना रिव्हर्स येतच नाही. गाडीला मागे कॅमेरा आहे, त्यात लाल-पिवळ्या-हिरव्या रेषा आहेत, रेषांकडे बघून ते गडग्यावर जातात. चिरा मऊ असतो अशी एक समजूत आहे. गाडीच्या पत्र्यापेक्षा तो बराच कडक असतो.

हॉर्नचा विषय निघालाच आहे. गोव्यातल्या गावात हॉर्न वाजवायचा पिढीजात मान पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा. सायकलच्या मागे टोपली, टोपलीवर निळं प्लास्टिक, हँडलला रबरी भोंगा. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. पों-पों ऐकलं की घराघरातून माणसं सुटे पैसे घेऊन बाहेर येतात आणि उंडे, पोई घेऊन आत जातात. त्यामुळे कुणाच्या फाटकासमोर तुम्ही तीनदा हॉर्न वाजवलात आणि एखादे आजोबा पिशवी घेऊन बाहेर आले, तर त्यांच्यावर डाफरू नका. त्यांना पाव द्या. आंधळ्या वळणावर एक छोटा पों द्यायचा असतो, तो जरूर द्या, तिथे तो शिष्टाचार आहे. सिग्नल हिरवा व्हायच्या दोन सेकंद आधी मागून दिलेला हॉर्न हा कोथरूडचा शिष्टाचार आहे. तो कोथरूडला ठेवून यावा.

एक ऐतिहासिक बाबही सांगून ठेवतो, गाडीत बसलेल्या मुलांच्या ज्ञानात भर. पोर्तुगालने 1928 साली आपल्या देशातली वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. गोव्याला मात्र डावीकडेच राहू दिलं, कारण सभोवार ब्रिटिशांचा मुलूख आणि तिथे सगळे डावीकडून. म्हणजे साडेचारशे वर्षं कुणाचंही न ऐकणाऱ्या राज्यकर्त्यांनी एवढ्या एका बाबतीत शेजाऱ्याचं पाहून वागायचं ठरवलं. चोर्ला घाटाच्या वळणावर जे ट्रकला ओव्हरटेक करत उजव्या बाजूने समोर येतात, त्यांना पोर्तुगालचा अपुरा राहिलेला निर्णय इथे राबवायचा आहे की काय, न कळे.

सर्कल. पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठेही जा, सर्कलशिवाय सुटका नाही. नियम सोपा आहे आणि तो गोव्याचा नाही, अख्ख्या देशाचा आहे. 2017 च्या केंद्रीय नियमावलीत लिहिलंय की सर्कलच्या आत असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. आत शिरणाऱ्याने थांबायचं. आम्ही तो सगळेच पाळतो असा दावा नाही. पण पाहुणा सर्कलकडे येतो तो पुतळ्याला प्रदक्षिणा घालायला आल्यागत, वेग न कमी करता. अर्ध्या प्रदक्षिणेत त्याला कळतं की आपली वाट मागे गेली. मग तो तिथेच, मधोमध, ब्रेक मारून मोबाईलच्या बाईशी भांडतो. चुकलात तर आणखी एक फेरी मारा. फुकट आहे.

आता आमचं. नाहीतर म्हणाल, गोंयकार स्वतःला साधू समजतात.

आमचा गोंयकार स्कूटरवरून जाताना समोरून दुसरा गोंयकार आला की दोघे रस्त्याच्या मध्यावर थांबतात. एकाचं तोंड मडगावला, दुसऱ्याचं पणजीला, मध्ये गप्पा. कुणाची सोयरीक मोडली, आज बांगडा कसा दिला, पंचायतीत कोण कुठे फिरला. मागे रांग लागली तरी चालेल. हॉर्न मारलात तर दोघेही तुमच्याकडे बघतात, नंबरप्लेट वाचतात आणि विषय बदलतात. नवा विषय तुम्ही असता. इथे उपाय एकच, थांबणे. वीस सेकंदांत ते स्वतःच निघतात. इंडिकेटर आम्ही मनात देतो. उजवा हात बाहेर काढून हलवला तर त्याचे तीन अर्थ होतात: मी वळतोय, तू पुढे जा, किंवा नखाला रंग लावलाय. अंतर ठेवा.

त्याहून जास्त अंतर खासगी बसपासून ठेवा. ही बस थांब्यावर थांबते हा गैरसमज काढून टाका. ती हातावर थांबते. कुठूनही, कुणाचाही हात वर झाला की थांबते, आणि इंडिकेटर द्यायला ड्रायव्हरचा एक हात कमी पडतो, कारण मागून येणाऱ्या दुसऱ्या बसच्या आधी तो प्रवासी उचलायचा असतो. दाराशी लटकलेला कंडक्टर शिट्टी मारतो, पत्र्यावर दोन थापा देतो आणि आतल्या गर्दीला ‘फाटीं वच, फाटीं’ म्हणून मागे ढकलत राहतो. मागे जागा नसते. ती कधीच नव्हती. स्वस्तात आणि शांतपणे जायचं तर कदंबची शटल आहे, पणजी-मडगाव, पणजी-म्हापसा, मध्ये कुठेही न थांबणारी. पण गोव्याला येऊन बसने फिरलो असं घरी सांगायला पाहुण्याची जीभ रेटत नाही.

ओला-उबर इथे नाही. विमानतळावर मोबाईल हलवून हलवून शोधू नका. 2018 पासून गोवामाइल्स हे ॲप आहे, टॅक्सीवाले आहेत, आणि एका माणसाला गल्लीबोळात सोडायला पिवळा मडगार्डवाला पायलट आहे. हा पायलट मोटारसायकल चालवतो, विमान नव्हे, आणि ठरवूनच बसायचं. आमच्या टॅक्सीवाल्यांच्या दरांबद्दल तुम्ही जे बोलता ते आम्हीही बोलतो. दार लावून बोलतो इतकंच.

भाड्याच्या गाडीबद्दल एक गोष्ट नीट ऐका, इथे चेष्टा नाही. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या अधिकृत गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. कुणी ‘घरचीच गाडी आहे, स्वस्तात देतो’ म्हणून पांढऱ्या पाटीची चावी हातात ठेवली तर ती भाड्याने द्यायला परवानगीच नसते. ठोकलीत की विमा हात वर करतो, मालक फोन उचलत नाही आणि पोलिस मात्र लगेच येतात. आणि ती काळ्या पाटीची उघडी थार! ती घेतली की माणसाच्या अंगात काय येतं, यावर खरं तर गोवा मेडिकल कॉलेजने संशोधन करावं. चौघे आत, दोघे वर उभे, गाणं पंजाबी, रस्ता कांदोळीचा. गोव्यात रस्त्यावर वर्षाला अडीचशे ते तीनशे माणसं मरतात. त्यांत बहुतेक दुचाकीवरची. चड्डी, स्लीपर आणि गळ्यात टॉवेल एवढ्या चिलखतावर स्कूटर काढणाऱ्याने हा आकडा दोनदा वाचावा. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं. केसांची कितीही काळजी असली तरी.

समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेऊ नये, हे सांगायची वेळ यावी? यावी. मोरजीला दर हंगामात हे नाटक लागतं, आणि प्रवेश ठरलेले आहेत. ओहोटीला वाळू ओली, घट्ट दिसते. पाहुणा गाडी खाली घेतो, एक झकास वळण, एक व्हिडिओ. दुसऱ्या वळणाला मागचं चाक बसतं. तो ॲक्सिलरेटर दाबतो, चाक आणखी बसतं. मित्र ढकलतात, तोंडभर वाळू खातात. कुणीतरी चाकाखाली गाडीतले पायपुसणे घालतो, ते पायपुसणे कुत्र्यापर्यंत उडून जातं. तोवर भरती सुरू झालेली असते. शॅकवाला लांबून बघत असतो, हातातला ग्लास पुसत. त्याच्याकडे ट्रॅक्टरवाल्याचा नंबर असतो. ट्रॅक्टरवाल्याचा दर पाण्याच्या पातळीप्रमाणे वाढतो: घोट्यापर्यंत एक, सायलेन्सरपर्यंत दुसरा. बोनेटपर्यंत आलं तर तो दर सांगत नाही, दोरखंडाची लांबी विचारतो. वर पोलिस आहेतच. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात. शेकडो मैल पोहून येतात, रात्री येतात, आपलं काम करतात आणि वाळूत न रुतता परत जातात. त्यांनाही कुणी रस्ता दाखवत नाही.

पर्यटन खात्याने 2022 च्या अखेरीस यादीच काढली: किनाऱ्यावर गाडी, उघड्यावर स्वयंपाक, उघड्यावर दारू, कचरा. दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. उघड्यावर स्वयंपाकाचा उल्लेख वाचून बाहेरच्याला हसू येईल. आम्हाला येत नाही. बस रस्त्याकडेला लावून, गॅसची शेगडी मांडून, चाळीस माणसांचा पुलाव शिजवून, पातेली शेतातल्या पाटात खळबळून पुढे गेलेली मंडळी आम्ही पाहिली आहेत. पाटाखाली ज्याचं शेत आहे त्याच्या भातात महिनाभर मिरच्या सापडत होत्या.

दारू स्वस्त म्हणून दंडही स्वस्त असेल, अशी एक आशा पाहुण्याच्या डोळ्यांत दिसते. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम, त्यावर गेलात की पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कायदा केंद्राचा आहे, पत्रादेवीला तो पातळ होत नाही. ‘आम्ही टुरिस्ट आहोत’ हे वाक्य पोलिसांच्या श्वास तपासायच्या यंत्रात फुंकून काही फरक पडत नसतो.

दुपारी एक ते साडेतीन-चार गावातली दुकानं बंद. शटर वाजवू नका. आत मालक झोपलेला आहे, आणि तो आळशी नाही, त्याने सकाळी आठला दुकान उघडलंय आणि रात्री आठपर्यंत बसणार आहे. तुमच्याकडे चितळे दुपारी बंद असायचे तेव्हा ती परंपरा, आमच्याकडे तो आळस, असं कसं?

घरांचे फोटो. पणजीच्या फोन्तेन्हासमधली रंगीत घरं ही सिनेमाचा सेट नाहीत. पिवळ्या भिंतीला टेकून एक पाय वर करून उभ्या असलेल्या ताईंच्या मागच्या खिडकीत एक म्हातारी जेवत असते. तिथल्या लोकांनी विनंतीच्या पाट्या लावून पाहिल्या. पाटीसोबतही फोटो काढून झाले. पर्रा गावातला माडांच्या दुतर्फा रांगांचा रस्ता ‘डिअर जिंदगी’मुळे गाजला आणि गावकऱ्यांना शेतावर जायचं अवघड झालं. 2019 मध्ये पंचायतीने तिथे फोटो काढणाऱ्यांकडून स्वच्छता कर घ्यायला सुरुवात केली, ओरड झाली, तो बंद पडला. फोटो चालूच आहेत. लोक मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर आडवे पडतात. त्या रस्त्यावरून बस जाते. कोणती ते वर सांगितलंय, हातावर थांबणारी. आडव्या माणसावर थांबेलच असं नाही. जानेवारी 2023 मध्ये सरकारलाच सांगावं लागलं की अनोळखी माणसांचे, विशेषतः पोहणाऱ्या आणि उन्हात पडलेल्या माणसांचे फोटो त्यांना न विचारता काढू नयेत. यासाठी सरकार लागावं!

मंगेशी, शांतादुर्गेला अंगभर कपडे घालून जा, बॉम जीझसलाही. देव दोन्हीकडे आहे आणि रखवालदारही.

वाट विचारायची असेल तर मीटरमध्ये विचारू नका. आमच्याकडे अंतर ‘हांगाच’ असतं. चार पावलंही हांगाच आणि चार किलोमीटरही हांगाच. खूण मात्र पक्की मिळते: कपेलाकडे वळ, तिंट्यावरून सरळ, वडाकडे कुणालाही विचार. वडाकडे खरंच कुणीतरी बसलेलं असतं आणि त्याला तुमचं हॉटेल माहीत असतं, मालकाच्या आजोबांच्या कर्जासकट.

कधी यावं, हेही पाहा. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री पणजी, म्हापसा, मडगावात गाडी घालू नका. दोन मजली नरकासुर रस्त्यात उभे, वर विजेच्या तारा, खाली काठीने तारा उचलणारी पोरं, चारही बाजूंना भोंगे. पहाटेपर्यंत कुणी हलत नाही, राक्षसही नाही. चवथीला, म्हणजे गणपतीत, आलात तर निम्मा गोवा आपापल्या मूळ गावी माटोळी बांधत असतो, मासळीबाजार ओस, वेटर घरी. नोव्हेंबरच्या 24 पासून जुन्या गोव्यातल्या चर्चच्या 3 डिसेंबरच्या फेस्तापर्यंत तिकडच्या वाटेवर पहाटे पायी चालणारे भाविक असतात. सिंधुदुर्ग, बेळगावहूनही येतात. अंधारात, रस्त्याच्या कडेने. तिथे हेडलाइट खाली आणि पाय ब्रेकवर. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद. त्या दिवसांत इसवणीचा तुकडा मागवून ‘ताजा आहे ना?’ विचारू नये. वेटर हो म्हणतो, आणि त्याला बिचाऱ्याला पाप लागतं.

फेरीबोटीने दिवाडीला जा. खरंच जा, अजून तरी तिकडे बरं आहे. पायी आणि दुचाकीला भाडं नाही. बोटीत चढलात की इंजिन बंद, हँडब्रेक वर, गाणं बंद. दुचाकीवाले सांदीसांदीतून तुमच्या पुढे सरकतील, सरकू द्या. त्यांना पलीकडे कामावर हजर व्हायचंय, तुम्हाला फक्त पलीकडे व्हायचंय. नदी पार व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात खाली उतरून पाणी बघा. रिकामी पाकिटं पाण्यात टाकू नका, ती पुढच्या फेरीत तिथेच असतात.

परत जाताना टाकी भरून घ्या. पेट्रोल इथे महाराष्ट्रापेक्षा स्वस्त पडतं, सावंतवाडी-बांद्याची माणसं मुद्दाम येऊन भरून नेतात आणि त्यात बेकायदा काही नाही. डिकीतल्या बाटल्यांचं मात्र तसं नाही. 1949 चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा अजून जागा आहे, आणि परवान्याशिवाय गोव्याची एक बाटली जरी सीमेपलीकडे गेली तरी तो गुन्हा आहे. कपड्यांत गुंडाळलेली, मुलाच्या दप्तरात ठेवलेली, ‘मिनरल वॉटर’ लिहिलेल्या बाटलीत ओतलेली, सगळे प्रकार बांद्याच्या तपासणीवाल्यांना पाठ आहेत. जे प्यायचं ते इथे प्या, त्या दिवशी गाडी दुसऱ्याला चालवू द्या, आणि रिकामी बाटली काकीच्या गडग्यावर ठेवू नका.